अदलाबदलीच्या कापडातून घरची गोधडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहरातील आमच्या गल्लीत काही घरे अनेक वर्षांपासून आपापल्या घरातील सुती कापड एकमेकांना देऊन-घेऊन गोधड्या शिवतात. खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील नातलग आणि ओळखीच्या स्त्रिया हे पाहून गेल्या की तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत, असे बरेच दिवस मनात होते. येथे लिहिलेले सर्व काही आमच्या घरांत करून पाहिलेले आहे.

अदलाबदल करण्याची गरजच काय? घरातील जुनेर पुरत नाही का?

आमच्या आजीच्या काळी पुरत असे. घरात तीन-चार लुगडी नेसणाऱ्या बायका, धोतर नेसणारे दोन पुरुष आणि सुती अंगरखे घालणारी मुले असत, त्यामुळे वर्षाअखेरीस गोधडीपुरते जुनेर आपोआप साठत असे. आज रोजच्या नेसण्यातील बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात, मुलांच्या अंगात होजिअरीचे टी-शर्ट असतात आणि पुरुषांच्या पँटचे कापड गोधडीला फार जड होते. एका घरातून वर्षाला एखादी सुती साडी, दोन-तीन शर्ट आणि विरलेली चादर एवढेच निघते, आणि तेवढ्यात पूर्ण गोधडी होत नाही. चार घरांचे कापड एकत्र आले की मात्र काम होते. शिवाय एकाच घरातील कपड्यांचे रंग सहसा एकाच पसंतीचे असतात. आमच्याकडे सगळे हिरवे आणि जांभळे, तर समोरच्या घरी सगळे पिवळे, आणि गोधडीच्या वरच्या थराला दोन्ही हवे असतात.

गोधडी, वाकळ आणि कौदी या वेगवेगळ्या वस्तू आहेत का?

वस्तू एकच, नावे तीन. बेळगाव शहरात गोधडी म्हणतात, निपाणी-चिकोडीकडे कोल्हापूरच्या बोलीप्रमाणे वाकळ हा शब्द अधिक ऐकू येतो आणि कन्नड बोलणारी घरे तिलाच कौदी म्हणतात. शिवण्याच्या रीतीत मात्र फरक आढळतात. आमच्याकडे बहुधा सगळे थर एकावर एक अंथरून, टाचून, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रांगांत धावदोरा घालतात. खानापूर आणि शेजारच्या हल्याळ-यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रियांची रीत वेगळी आहे. त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने तुकडे जोडत आणि टाके घालत मध्याकडे येतात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची लहान ‘फुले’ लावतात. त्या फुलांशिवाय गोधडी उघडीनागडी राहिली, असे त्यांच्यात मानतात. त्यांचे काम जवळून पाहण्याचा योग आला तर तो सोडू नये, कारण तुकड्यांचे रंग कागदावर न आखता जुळवण्याची त्यांची नजर खरोखर शिकण्यासारखी आहे.

अदलाबदलीत कोणते कापड घ्यावे आणि कोणते परत करावे?

सुती लुगडी व साड्या, धोतरे, सुती शर्टांचे पाठीकडील भाग, परकर, जुन्या पलंगपोसांचे न विरलेले कडेचे भाग आणि मांजरपाट हे सर्व चालते. कृत्रिम धाग्याची साडी चालत नाही. ती घाम टिपत नाही, सुईखाली सरकते आणि बाकीचे कापड विरले तरी स्वतः तशीच कडक राहते. ताणले जाणारे होजिअरीचे कापडही आतल्या थरात गोळा होते, म्हणून आम्ही ते घेत नाही.

कापड सुती आहे की नाही अशी शंका असेल तर कडेचे चार-सहा धागे उपसून, पाण्याने भरलेल्या ताटलीवर चिमट्यात धरून पेटवावेत. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा टणक मणी उरतो. हे काम मोठ्यांनीच करावे, आणि मणी गार होईपर्यंत त्याला हात लावू नये.

नव्या कापडाबद्दल एक सूचना. शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला आणि तेव्हापासून तेथील सुती कापड या भागात सहज मिळत आले आहे. बेळगावातच शहापूर, वडगाव, खासबाग येथे विणकरांची वस्ती आहे. त्यामुळे कमी पडलेला थर नव्या कापडाने भरून काढण्याचा मोह होतो. तसे करायला हरकत नाही, परंतु नवे कापड आधी एकदा रात्रभर भिजवून, खळ काढून, वाळवून घ्यावे. जुने लुगडे शेकडो वेळा धुतलेले असल्याने ते आता आटत नाही. नवे कापड मात्र गोधडीच्या पहिल्याच धुण्यात आटते, आणि मग त्याला जोडलेले जुने कापड चुण्या पडून ओढले जाते.

एका गोधडीला किती कापड लागते?

वारावर हिशोब केला तर तो फार सोपा आहे. सहावारी साडीचे दीड वाराचे चार तुकडे होतात आणि नऊवारी लुगड्याचे सहा. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो, म्हणून असे दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की सुमारे साडेचार फूट रुंद आणि साडेसात फूट लांब, म्हणजे एका माणसाच्या गोधडीएवढा, एक थर तयार होतो. याचा अर्थ सहावारी साडीतून दोन थर निघतात आणि नऊवारीतून तीन. शिलाईत कडेने इंचभर जाते, तेवढे धरून चालावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंचीवर असल्याने पौष-माघातील रात्री चांगल्याच गार असतात, आणि त्या दिवसांसाठी चार ते पाच थर हवेत. उन्हाळ्यात अंथरायला तीन थर पुरे होतात. वरच्या थरासाठी रंगीत तुकडे जोडायचे असतील तर शिलाईत जाणाऱ्या कापडासाठी एक तुकडा जास्त धरावा.

कोणाचे नुकसान होऊ नये म्हणून देवाणघेवाणीचा हिशोब कसा ठेवावा?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि उत्तर सापडायला आम्हालाही सर्वांत जास्त वेळ लागला.

सुरुवातीला आम्ही कापड वजनावर बदलले. ताजव्यात एका बाजूला एकीची साडी आणि दुसऱ्या बाजूला दुसरीचे कापड. यात जाड चादर देणारीला भरपूर मिळू लागले आणि वर्षानुवर्षे नेसून लोण्यासारखे मऊ झालेले लुगडे देणारीच्या हाती थोडेसे पडू लागले. वास्तविक गोधडीत अंगाला लागायला तेच लुगडे हवे असते. नंतर नगावर बदल केला, तर शर्टाची पाठ आणि अर्धी साडी हे दोन्ही एकेक नग ठरले. ज्यांच्या घरी शर्ट जास्त होते त्यांनी ते आणले, यात त्यांची चूक नव्हती. नियमच चुकीचा होता.

आता आम्ही दीड वाराचा तुकडा हेच माप धरतो. प्रत्येक तुकडा दोनपैकी एका प्रतीत पडतो: वरच्या थराचा किंवा आतल्या थराचा. वरच्या थराच्या तुकड्याला वरच्या थराचाच तुकडा आणि आतल्याला आतलाच. दीड वारापेक्षा लहान कात्रणे आणि चिंध्या एका टोपलीत ठेवतो. त्या ज्याला हव्या त्याने न्याव्यात, त्यांचा हिशोब कोणी ठेवत नाही. एखादीकडे आज द्यायला काही नसेल तर ती तुकडे घेऊन जाते आणि वहीत तसे लिहून ठेवते. दिवाळीत किंवा घरातील लग्नानंतर कापड निघाले की परत करते. ज्यांचा हात चांगला आहे पण घरी सुती कापडच नाही, अशा वयस्कर मावशी दुसऱ्यांच्या गोधडीला काही रांगा टाके घालून देतात आणि त्या बदल्यात कापड घेतात. हा व्यवहार मला सर्वांत जास्त आवडतो.

पैसे मात्र मध्ये आणू नयेत, असे माझे ठाम मत आहे. कापडाला दर लागला की माणूस त्याचा दोष सांगायला कचरतो. अदलाबदल टिकते ती दोष मोकळेपणाने सांगितल्यामुळे. म्हणून प्रत्येक तुकड्याला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली असावी. तिच्यावर चार गोष्टी लिहाव्यात: कापड कोणाच्या घरचे आहे, अंदाजे किती वर्षे वापरले आहे, रंग जातो की नाही, आणि कोठे विरले किंवा रफू केले आहे. ‘पदराजवळ विरले आहे’ एवढे तीन शब्द लिहिले असतील, तर घेणारी तो भाग आतल्या थरात घालते आणि गोधडी दहा वर्षे टिकते. लिहिले नसतील तर ती तोच भाग मधोमध वर लावते आणि दोन हिवाळ्यांत तेथे भोक पडते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे काही जणी वाण म्हणून धुऊन इस्त्री केलेला असा एक तुकडा चिठ्ठीसकट देतात, आणि मला वाटते की प्लास्टिकच्या डब्यापेक्षा ते वाण घरात अधिक काळ राहते.

इरकल साडी आणि खणाचे कापड गोधडीत वापरता येते का?

येते, पण विचारपूर्वक वापरावे. पारंपरिक इरकल साडीचे अंग सुती आणि पदर रेशमी असतो, आणि विणतानाच दोन्हींचे उभे धागे एकमेकांत अडकवून पदर जोडलेला असतो. त्या जोडाच्या रेषेवर कात्री चालवू नये, दोन्ही बाजूंना चार बोटे सोडून कापावे. सुती अंग गोधडीला उत्तम चालते. रेशमी पदर वेगळा काढून उशीच्या अभ्र्याला किंवा भिंतीवर लावण्याच्या लहान कामाला वापरावा, कारण गोधडीसारखा पाण्यात बुडवून, आपटून धुण्याचा तो धागा नाही. गुळेदगुड्डचा खण चौकोनी तुकड्यांत फार शोभतो, पण नवा खण घेऊन कापण्यापेक्षा शिंप्याकडे चोळी-ब्लाउज शिवून उरलेली कात्रणे मागून घ्यावीत. बहुतेक शिंपी ती आनंदाने देतात. ज्या साडीवर हाताने भरलेली कशिदा आहे, ती फाटलेली असली तरी आम्ही अदलाबदलीत घेत नाही. ती ज्या घरची आहे, त्याच घरात तिने राहावे.

दुसऱ्या घरातून आलेल्या कापडाचा रंग उतरला तर काय करावे?

शिवण्यापूर्वीच तपासावे. कापडाचा कोपरा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालात दाबून धरावा आणि अर्ध्या तासाने रुमाल पाहावा. मी एकदा घाई केली. गर्द लाल परकराचा तुकडा न तपासता भाचीच्या बाळाच्या दुपट्यात लावला आणि पहिल्याच धुण्यात पांढरे लुगडे गुलाबी डागांनी भरले. ते लुगडे माझ्या आईचे होते, त्यामुळे ती घटना मी विसरलेले नाही.

पाण्यात मीठ घातले की रंग पक्का होतो, असे पुष्कळ जणी सांगतात. कापड रंगवताना मिठाचा उपयोग होतो हे खरे आहे, पण आधीच रंगवलेल्या कापडातून सुटणारा रंग मिठाने धरला जात नाही. सुटा रंग निघून जाईपर्यंत ते कापड वेगळे धुणे, एवढाच खात्रीचा उपाय आहे. चार-पाच धुण्यांनंतरही रुमालावर रंग येत असेल तर तो तुकडा गडद रंगाच्या गोधडीसाठी बाजूला ठेवावा आणि चिठ्ठीवर तसे लिहावे.

सासूबाई म्हणतात, दुसऱ्यांनी वापरलेले कापड आपल्या अंथरुणात नको. त्यांना कसे समजवावे?

त्यांची भावना समजून घ्यावी, कारण ती निराधार नाही. पूर्वी अंथरूण-पांघरूण ही घरातली खासगी गोष्ट होती, आणि आजारपणातील कपडे बाहेर न देण्यामागे स्वच्छतेचा विचार होता. म्हणून आमचा नियम असा आहे की आलेले प्रत्येक कापड घेणाऱ्या घरी पुन्हा एकदा गरम पाण्यात धुतले जाते आणि दिवसभर कडक उन्हात वाळवले जाते, मग ते देणाऱ्याने कितीही स्वच्छ करून दिलेले असो. हे काम सासूबाईंच्या देखत करावे, आणि शक्य असेल तर त्यांच्या हातूनच करून घ्यावे. आमच्या ओळखीच्या एका घरी सासूबाईंनी अशी अट घातली की बाहेरचे कापड आतल्या थरात आणि घरचे कापड दोन्ही बाजूंनी बाहेर. ती अट सर्वांनी मान्य केली, आणि ती गोधडी सुरेख झाली.

घरातील दिवंगत व्यक्तीचे कपडे अदलाबदलीत द्यावेत का?

द्यावेत की नाही हे त्या घराने ठरवावे, इतरांनी कधीही मागू नयेत. वडिलांच्या शर्टांची आणि आईच्या लुगड्याची एक गोधडी घरातच शिवून ठेवणे अनेकांना बरे वाटते. वर्षश्राद्ध होईपर्यंत अशा कपड्यांवर कात्री चालवू नये, असे आमच्याकडील वडीलधारी माणसे सांगतात, आणि मला ते योग्य वाटते. त्या वर्षात माणसाचे मन पुष्कळ बदलते.

नोकरी, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून यासाठी वेळ कसा काढावा?

पूर्ण गोधडी अंथरून बसायला मोकळी खोली आणि मोकळी दुपार लागते, आणि या दोन्ही गोष्टी बहुतेक घरांत एकत्र मिळत नाहीत. म्हणून काम दोन भागांत विभागावे. वरच्या थराचे चौकोन जोडणे हे मांडीवर मावणारे काम आहे. ते मुलांच्या अभ्यासाशेजारी बसून, कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये किंवा बसच्या प्रवासातही होते. थर अंथरून टाचण्याचे काम मात्र रविवारी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत, घरातील सर्वांना हाताशी घेऊन करावे. कापड चारही बाजूंनी ताणून धरायला चार माणसे लागतात, आणि या कामाला मुलगे व पुरुष यांनाही बसवावे. आमच्या यजमानांना टाके घालता येत नाहीत, पण खडूने ओळी आखण्यात त्यांचा हात कोणीही धरू शकत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना बोथट टोकाची मोठी सुई आणि जाड दोरा देऊन जुन्या चादरीवर धावदोरा शिकवता येतो. त्यांचे वाकडे टाके उसवू नयेत.

हाताने शिवावे की मशीनवर?

चौकोन जोडायला पायमशीन चांगली, वेळ पुष्कळ वाचतो. थर एकत्र शिवण्यासाठी हाताचा धावदोराच मला योग्य वाटतो. चार-पाच थर घरगुती मशीनच्या पायाखाली सरकतात, खालच्या थराला चुण्या पडतात, आणि मशीनचा घट्ट टाका विरलेल्या लुगड्याला हळूहळू कापतो. हाताच्या टाक्यात कापडाला थोडी मोकळीक राहते. मध्यापासून कडेकडे जात, वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून सगळे थर आधी टाचून घ्यावेत. मग दोन बोटांच्या अंतराने रांगा घालाव्यात, एका इंचात तीन-चार टाके पुरेत. दोरा सुतीच असावा, कारण कृत्रिम दोरा कापडापेक्षा बळकट असतो आणि कापडच फाडतो. अंगुस्तान अवश्य वापरावे.

बाळाच्या दुपट्यासाठी काही वेगळे नियम आहेत का?

आहेत. दोन, फार तर तीन थर, सर्व मऊ आणि पुष्कळ धुतलेले. टिकल्या, बटणे, जरीचा काठ काहीही नको. दुपटे बाळाच्या अंगाखाली घालावे, झोपलेल्या बाळाच्या तोंडाजवळ जाड पांघरूण राहू देऊ नये. दुपटी डांबर गोळ्यांसोबत कधीही ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका घटकाची कमतरता असते आणि त्या गोळ्यांच्या वासाने त्यांच्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. वेखंडाची पुरचुंडी किंवा सुकवलेला कडुनिंबाचा पाला, तोही पेटीच्या तळाशी, पुरेसा आहे.

शेजारची बाई कन्नड बोलते. तिच्याशी देवाणघेवाण कशी करावी?

कापड हातात घेतले की फारसे शब्द लागत नाहीत, पण काही माहीत असलेले बरे. कापडाला बट्टे, जुन्या कापडाला हळे बट्टे, साडीला सीरे, पदराला सेरगु, सुईला सूजी, दोऱ्याला दार आणि कात्रीला कत्तरी म्हणतात. यांतील निम्मे शब्द आपल्याला ऐकताक्षणी कळतात. अक्का ही हाक तर दोन्हीकडे चालते. चिठ्ठी दोन्ही लिपींत लिहावी. आमच्या गल्लीत हे काम शाळेतील मुले करतात, कारण त्यांना दोन्ही वाचता येतात.

पावसाळ्यात गोधड्यांची काळजी कशी घ्यावी?

हे गावावर अवलंबून आहे. मलप्रभेचा उगम जेथे होतो त्या कणकुंबीच्या परिसरात, म्हणजे खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, पाऊस इतका असतो की जून ते सप्टेंबर या काळात धुतलेली गोधडी आतून वाळतच नाही आणि तिला बुरशीचे काळे ठिपके पडतात. तेथे सर्व गोधड्या मे महिन्यात धुऊन, दोन दिवस उन्हात उलटसुलट करून, पूर्ण गार झाल्यावरच घडी कराव्यात. गरम घडीत बाफ कोंडते. अथणीकडे पाऊस कमी असल्याने ही अडचण फारशी येत नाही. पुढचे मोठे धुणे घट बसण्यापूर्वी सर्वत्र होतेच. ओली गोधडी दोरीवर एका टोकाला धरून टांगू नये, पाण्याच्या वजनाने टाके तुटतात. ती दोन दोऱ्यांवर आडवी पसरावी किंवा स्वच्छ कातळावर वाळवावी.

गोधडी मध्येच फाटली तर दुरुस्ती कशी करावी?

फाटलेला भाग कापून काढू नये. त्यावर सर्व बाजूंनी दोन बोटे मोठे ठिगळ ठेवून, कडा आत दुमडून, आधी कडेने आणि मग जुन्या रांगांवरूनच टाके घालावेत. ठिगळ त्याच वयाच्या कापडाचे असावे. नवे कापड लावले तर त्याच्या कडेने जुने पुन्हा फाटते. याचसाठी शिवताना प्रत्येक तुकड्यातील वीतभर कापड त्याच्या चिठ्ठीसह एका पिशवीत घालून गोधडीच्या घडीत ठेवावे. ते संपले असेल तर चिठ्ठीवर घराचे नाव असतेच. त्या घरी जाऊन विचारावे, त्याच लुगड्याचा एखादा तुकडा त्यांच्याही गोधडीच्या पिशवीत उरलेला असतो.